तांब्याभर पाणी मुरेपर्यंत

दिगंबर मंगळवारी सकाळी गेला. त्याच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात वर्तमानपत्रं लावत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मग थांबून, "मोठ्या काकूला तुमी सांगा. मला व्हणार न्हाई." मोठी काकू म्हणजे माझ्या वहिनी. मी दाराला कुलूप लावलं आणि चालत त्यांच्या वस्तीवर गेलो. त्या तूर निवडत बसल्या होत्या. ऐकल्यावरही त्यांचा हात थांबला नाही.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले...

पाटोद्याच्या शाळेत दिगंबर आणि मी एका बाकावर होतो. मी मास्तर झालो, तो सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात लागला. रस्त्यानं जाताना सायकल थांबवून ढेकूळ उचलायचा, बोटांनी फोडायचा, वास घ्यायचा. "माती म्हंजे नुस्ता चुरा न्हाई बे," तो मला सांगायचा. "तिच्यात कुजलेलं कायतरी असलं तरच ती पाणी धरती. न्हाईतर चाळणी." उसाचा रस गाळल्यावर उरणारी काळी मळी कारखान्यामागे ढिगानं पडलेली असे. ती शेणकाल्यात तीन-चार महिने कुजवून सभासदांच्या रानात पोचवणं हे त्याचं काम.

माझे थोरले भाऊ वारले तेव्हा त्यांनी लावलेली मोसंबी नुकती फळाला आली होती. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. विहीर आटली. झाडांना आठवड्याला एक टँकर, तोही मिळाला तर. रान मुरमाड, ओतलेलं पाणी थेट खाली निघून जाई. वहिनींनी मला विचारलं आणि मी दिगंबरला घेऊन गेलो. आळ्यांत मळी घालू, ती पाणी धरील, असं तो म्हणाला. पण मळी कुजवायलाही पाणी लागतं, आणि पाणी कुठंच नव्हतं. कच्ची चालेल का, हे मी त्याला विचारलं होतं. त्यानं आळ्यातलं एक ढेकूळ बोटांनी फोडलं, मग म्हणाला, "ती कुजंपर्यंत झाडं ऱ्हातील का?" वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान हलवली.

कच्च्या मळीत मेण असतं. त्याला ते माहीत होतं. आठवडाभराच्या उन्हात प्रत्येक आळ्यात काळी पापडी धरली. टँकरचं पाणी तिच्यावर साचलं आणि कडेनं वाहून गेलं. वहिनींनी पापडी फोडून बोट खुपसलं. खाली कोरडं ठणठणीत. "लई शिकले तुमी, दिगंबर भावजी," त्या म्हणाल्या. "झाडाला मेण पाजलं." त्या दिवशी त्यानं आणि मी सगळ्या पापड्या हातांनी उकरून काढल्या. पुढचा टँकर आलाच नाही. पावसाळ्याआधी बाग वाळली. भाऊंच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

वहिनींनी त्याला येऊ नका म्हटलं नाही. आला की चहा देत. मातीबद्दल मात्र त्याच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. तो दर वर्षी येत राहिला, निवृत्त झाल्यावरही. शेणखत, पालापाचोळा, पुरती कुजलेली मळी त्या रिकाम्या रानात मिसळायचा. त्याच्याकडे डालड्याचा एक जुना डबा होता, दोन्ही तोंडं कापलेला. तो जमिनीत ठोकायचा, आत तांब्याभर पाणी ओतायचा आणि मनगटावरचं घड्याळ बघत उकिडवा बसायचा. "तुमचे दोस्त पाणी बघायलेत का पिक्चर?" वहिनी मला विचारायच्या, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. मातीत मेण उरलं होतं, त्यामुळं सुरुवातीला पाणी तसंच उभं राही. पुढं भरभर मुरू लागलं, पण आठ दिवसांनी उकरलं तर खाली धूळ. "आधी पीत नव्हती," तो म्हणायचा, "आता पोटात ठरंना."

शेवटचा आला तेव्हा त्याला नीट वाकता येत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ओतलेलं पाणी हळूहळू, थांबत थांबत मुरलं होतं. आता खाली बघायचं होतं. मी खुरपं घेतलं तर त्यानं अडवलं. "तू न्हाई बे." मग ओट्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तेवढं हात घालून बघा."

"तुमचं तुमी बघा," वहिनी म्हणाल्या. "मी एकदा बघितलंय."

"हाय, ते बरोबर हाय," तो म्हणाला. डबा तसाच जमिनीत ठेवून तो गेला. त्यानंतर सहा दिवसांनी तो मंगळवार.

त्या सकाळी वहिनींनी तूर निवडून संपवली. मग सूप बाजूला ठेवून खुरपं घेतलं आणि रानात गेल्या. डब्याच्या कडेला त्यांनी वीतभर उकरलं, मनगटापर्यंत हात घातला, मूठ भरून वर काढली. उघडली तेव्हा मातीवर त्यांच्या बोटांचे ठसे होते. माती फुटली नाही. मधल्या दिवसांत पाऊस नव्हता, कुणी पाणीही घातलं नव्हतं.

"ओल हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, "कधी नेणारेत त्यांना?"

तो डबा त्यांनी मला काढू दिला नाही. दर सोमवारी त्या त्यात तांब्याभर पाणी ओततात आणि मुरेपर्यंत उभ्या राहतात. रानात झाड एकही नाही.