रडलं की लागणारा दिवा

वायरीचा जोड दोन्ही हातांनी ताणून समोरचे रेडिओवाले म्हणायचे, "ओढून बघा. तुटायची न्हाई." श्रीरामपुरात आमच्या पिठाच्या गिरणीसमोर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतःच्याच कामावर खूष असलेले असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. मला त्यांची गंमत वाटायची.

माझी मुलगी झाली तेव्हा दुष्काळ होता. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी दळायला रांग लागायची. यजमान साखर कारखान्यात, त्यामुळे गिरणी मीच चालवायची. मुलगी मागच्या खोलीत झोळीत असे आणि गिरणीच्या घरघरीत तिचं रडणं ऐकूच येत नसे. सारखी आत-बाहेर करून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

माझी ही धावपळ रेडिओवाल्यांनी समोरून पाहिली. "वैनी, ऐकू येनार न्हाई, पर दिसंल तर?" म्हणाले.

एका मोडक्या रेडिओच्या सामानातून त्यांनी आवाज पकडणारी डबी केली, ती झोळीच्या दोरीला बांधली, आणि वायर भिंतीतून काढून गिरणीत माझ्या डोळ्यांसमोर दिवा बसवला. बाळ रडलं की दिवा लागायचा. पहिले तीन दिवस तो गिरणीच्या हादऱ्यानंच लागे. ते डोकं खाजवत येत आणि स्क्रू पिळून जात. चौथ्या दिवशी जमलं. मग शेजारणी आपापली पोरं आणून रडवून बघू लागल्या.

मुलगी सात महिन्यांची झाली, हातात येईल ते ओढू लागली. हे मला दिसत होतं, पण वायरीचा विचार मनात आला नाही.

एका दुपारी दळणाला आलेल्या म्हातारीनं विचारलं, "लेकरू कुठंय गं?"

"झोपलंय. दिवा बंद आहे ना."

"दिवा काय बघतीस? लेकरू बघ की."

मी जरा चिडूनच आत गेले. डबी मुलीच्या मुठीत होती आणि वायरीचा वेढा गळ्याला बसला होता. ओठ काळेनिळे पडले होते. रडायला श्वासच नव्हता, मग दिवा कसा लागणार? मी वायर ओढली, पुन्हा ओढली. ती तुटली नाही. शेवटी वेढ्यात बोट घालून तो सैल केला, तेव्हा पोरीनं श्वास घेतला.

आरडाओरडा ऐकून रेडिओवाले धावत आले. वायर कापली आणि तिथंच जमिनीवर बसले. "हाताच्या टप्प्यात वायर ठिवली मी. माजीच चूक हाय." अर्धी चूक माझी होती. पण तेव्हा मी ते बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर जोड ताणून दाखवणं बंद झालं. मुलगी दिसली की ते तिला आवाज काढायला लावत. "आवाज दे बाय," एवढंच. तिनं आवाज काढला की दुकानात परत जात.

दोन वर्षांनी दुकान बंद करून ते शेवगावला मुलाकडे निघाले. आम्ही स्टँडवर गेलो. एक पाय एसटीच्या पायरीवर ठेवून ते म्हणाले, "आवाज दे बाय." पोर माझ्या पदरात तोंड खुपसून गप्प. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तरी ते हलेनात.

मी तिला चिमटा काढला. तिनं भोकाड पसरलं, तेव्हा कुठे ते गाडीत चढले.