खोरफक्कानला करायच्या गोष्टी

भूमध्य समुद्राकाठचं ते छोटं गाव आमच्या ह्यांनी इंटरनेटवर शोधून काढलं होतं. रिटायर झाल्या झाल्या तिथे जायचं असं ठरलं होतं, म्हणजे ह्यांनी ठरवलं होतं. त्या गावात काय काय करावं, असा एक लेख ह्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. सकाळी मासळीबाजारात जा, बंदरावर फेरी मारा, टेकडीवरच्या बुरुजावर चढा, होडीतून बेटावर जा, गावातले लोक जेवतात तिथे जेवा, एक अख्खी दुपार काहीही करू नका. जन्मभर कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत विटा-सिमेंटची मोजमापं केलेल्या माणसाला असा मुद्देसूद लेख आवडणारच.

पण दुबईतला कंपनीचा व्हिसा रद्द व्हायच्या आत युरोपच्या व्हिसाची अपॉइंटमेंट काही मिळेना. हे रोज चहा घेताना ती वेबसाइट उघडायचे आणि "खलास, आजही नाही," म्हणून बंद करायचे. शेवटी मीच म्हटलं, "अहो, समुद्रच बघायचाय ना? खोरफक्कानला जाऊ."

खोरफक्कान आमच्या दुबईतल्या, करामा भागातल्या घरापासून गाडीने जेमतेम दीड तास. देशाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचं गाव, मागे डोंगर आणि पुढे समुद्र. अर्धं आयुष्य दुबईत काढून आम्ही ते पाहिलं नव्हतं. आमच्यासारख्यांची वार्षिक सुट्टी म्हणजे पुणे. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, सासऱ्यांचा मोतीबिंदू, बंद फ्लॅटला रंग. ती सुट्टी संपवून परत आलं की हे ऑफिसात जाऊन विश्रांती घ्यायचे. दुबईतला समुद्रसुद्धा पाहुणे आले तरच बघायचा, आणि तोही त्यांचे फोटो काढण्यापुरता.

ह्यांनी फक्त गाव बदललं, लेख तोच ठेवला. कॅनडात शिकणारी आमची लेक व्हिडिओ कॉलवर हसली. "बाबा, यू कान्ट कॉपी-पेस्ट अ हॉलिडे!"

"का नाही? समुद्र आहे, बंदर आहे, बुरूज आहे, बेटही आहे. सगळे आयटम मॅच होतात," हे म्हणाले.

मला मात्र तिथे एकच गोष्ट करायची होती. मला कायमचं पुण्याला परत जायचं नव्हतं, आणि ते ह्यांना सांगायचं होतं.

जायचं हे आम्ही आलो त्या दिवसापासून गृहीत होतं. घरातल्या चांगल्या वस्तू म्हणूनच खोक्यांत राहिल्या. डिनर सेट, पडदे, नवा मिक्सर. "तिकडे गेल्यावर काढू," असं म्हणत आम्ही टवके उडालेल्या ताटल्यांत जेवत आलो. पण मधल्या काळात मी घरच्या घरी चकल्या-लाडू करता करता फराळाचं रीतसर लायसन्स काढलं, हाताखाली दोन बायका घेतल्या. शेजारच्या अल मनखूलमधल्या कितीतरी घरांत दिवाळीला माझाच डबा जातो. खालचा दुकानदार मला हाक मारून ताजा कढीपत्ता देतो. पुण्यातल्या आमच्या इमारतीत मला वॉचमनही ओळखत नाही. तिथे जाऊन मी करू काय? माझ्या लायसन्सवर दोघांचा व्हिसा निघेल का, हे मी व्हिसाची कागदपत्रं करून देणाऱ्या पीआरओला विचारूनसुद्धा ठेवलं होतं. तो म्हणाला होता, "इन्शाल्ला, मॅडम, हो जाएगा." आता फक्त ह्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि तिथेच माझी गाडी अडली होती.

निघताना सवयीने मी राइस कुकर आणि मेतकूट बॅगेत भरलं. ह्यांनी कुकर बाहेर काढला. म्हणाले, "गावातले लोक जेवतात तिथे जेवायचंय." मी मेतकूट तेवढं शिताफीने राखलं.

पहिल्या दिवशी मासळीबाजार झाला. ह्यांनी एवढी मोठी सुरमई घेतली, की ती भाजून देणाऱ्याने आमच्या मागे अजून कोण आहे का ते वाकून पाहिलं. जेवताना सांगू म्हटलं, तर हे पुण्यात मासे कुठे चांगले मिळतील त्यावर बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी होडी. ह्यांनी लाइफ जॅकेट घालून होडीवाल्याला पाण्याची खोली विचारली आणि उत्तरावर मान हलवली, जणू काही तिथे पाया घालायचा होता. इंजिनाच्या आवाजात माझं तोंड उघडायचं राहूनच गेलं.

मग बुरूज. माझे गुडघे बोलायला लागले तशी मी अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसले. हे वर जाऊन आले, घामाघूम आणि लहान मुलासारखे खूश. "तिकडे गेल्यावर रोज सकाळी सिंहगड चढायचा," म्हणाले. "तूही. हळूहळू जमेल तुला." इतक्या आनंदात असलेल्या माणसाला कसं सांगायचं? मी पाण्याची बाटली पुढे केली.

शेवटच्या दुपारी काहीही न करण्याचा आयटम होता. मूळ लेखात तिथे गावची वाइन घ्यावी असं होतं. आम्ही कागदी कपातला करक चहा घेऊन किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो. हवा छान होती. हे थोडा वेळ बसले. मग खाडीच्या टोकाला बंदराच्या क्रेन दिसत होत्या, त्यांची उंची ह्यांनी मला सांगितली. मग कंटेनर मोजले. मग चपलेतली वाळू झटकली. आणि मग ऑफिसला फोन लावला.

ह्यांच्या जागी आलेल्या मुलाने फोन उचलला. स्पीकर चालू होता. हे म्हणाले, "ते टॉवरचं ड्रॉइंग रिवाइज झालंय, त्याचं मेजरमेंट..."

"फिनिश्ड, सर. ऑल क्लिअर, सर. यू एन्जॉय."

"आणि कन्सल्टंटची क्वेरी?"

"दॅट ऑल्सो क्लोज्ड, सर."

ह्यांनी फोन बाकावर पालथा ठेवला. "चांगला आहे पोरगा," म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तिथे माझं काही उरलेलं नाही." मला फार वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी रागही आला. आता ह्यांच्याजवळ एक पुणंच उरलं होतं, आणि तेही मीच काढून घ्यायचं? आणि नाही काढून घेतलं, तर माझं काय? मी गार झालेला करक पिऊन टाकला. त्या दुपारी आम्ही खरंच काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना ह्यांनी डोंगरातला जुना रस्ता धरला. मसाफीला रस्त्याच्या कडेने बाजार आहे, गालिचे, माठ, फळं, झाडं. ह्यांनी गाडी थांबवली. पुण्याच्या हॉलसाठी गालिचा बघायचा होता. त्या हॉलची लांबी-रुंदी ह्यांना तोंडपाठ. हे गालिचे उलगडायला लागले आणि मी पलीकडे झाडांच्या दुकानात गेले.

तिथे माझ्यापेक्षा हातभर उंच लिंबाचं झाड होतं. बोराएवढी हिरवी लिंबं धरलेली. "बालकनी में चलेगा, भाभी," दुकानदार म्हणाला. मी हो म्हटलं. मी आधी काहीच ठरवलेलं नव्हतं, खरंच.

हे आले तेव्हा तो कुंडी गाडीकडे सरकवत होता.

"अगं, हे काय? हे विमानात कसं न्यायचं?"

"न्यायचं नाहीये."

"मग? महिन्याभरात निघायचंय, तेवढ्यासाठी झाड?"

"अहो, मला पुण्याला जायचं नाही. मला इथेच राहायचंय. तुमच्यासकट."

"आणि हे तू मला असं रस्त्यावर सांगतेस?"

"इतके दिवस सांगायला बघतेय. तुमचे आयटम संपत नव्हते."

"आणि व्हिसा?"

"माझ्या लायसन्सवर निघेल. विचारलंय मी."

ते मात्र लागलं ह्यांना. इतकी वर्षं माझ्या पासपोर्टवर 'हाउसवाइफ, नॉट अलाउड टू वर्क' असा शिक्का होता आणि व्हिसा ह्यांच्या नावावर. त्याचं मला कधी काही वाटायचं नाही, असं ह्यांना वाटत होतं. हे गाडीत जाऊन बसले. गालिचा तिथेच अर्धा उलगडलेला राहिला.

मागची सीट पाडून दुकानदाराने झाड आडवं घातलं. शेंडा पुढे आमच्या दोघांच्या मधोमध आला. पानांतून मला ह्यांचा फक्त स्टिअरिंगवरचा हात दिसत होता. डोंगर मागे पडले, वाळू सुरू झाली. रडू येईल असं वाटायला लागलं मला.

मग झाडापलीकडून आवाज आला. "मग मी काय करायचं इथे?"

इतक्या वर्षांत ह्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं.

"आधी हे तिसऱ्या मजल्यावर चढवायचं," मी म्हटलं. "लिफ्टमध्ये मावणार नाही."

ह्यांनी आरशातून मागच्या कुंडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मावेल. तिरकं धरलं तर मावेल."