भाऊजींच्या पिक्चरचा शेवट

ये गं रूपा, अशी जवळ येऊन बस, असं म्हणायची फार इच्छा आहे. पण तू सापडशील तर ना. फोन केला की "काकू, मीटिंगमध्ये आहे", आणि मीटिंग संपली की "काकू, ट्रॅफिकमध्ये आहे". हिंजवडीहून बिबवेवाडीला यायला काय पासपोर्ट लागतो? म्हणून शेवटी लिहायला बसले. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस. डायरेक्टरभाऊजी गेले हे तुला फोनवर सांगितलं खरं, पण फोनवर माणूस गेल्याचं तेवढं सांगता येतं. बाकीचं राहूनच जातं.

त्यांचं घरात शिरणं तुला आठवत असेल. बेल कधी वाजवली नाही. दारातून आधी तो डबा आत यायचा. जुन्या फ्रीजचा बंद पडलेला स्टॅबिलायझर, समोर काच, काचेत काटा, बाजूला सायकलचा लाल दिवा. डब्यामागून निळा सफारी आणि सफारीतून आवाज, "वहिनी, काटा शून्यावर आहे. घरात भूत नाही. चहा टाका." गल्लीतल्या कुठल्याही घरात ते असेच जायचे. आजारी माणसाला भेटायला गेले तरी डबा बरोबर. माझ्या ह्यांच्या कारखान्यातले ते मित्र, मागच्या गल्लीत राहायचे. हे गेल्यावरही येणं थांबवलं नाही, ही गोष्ट मी विसरणार नाही.

भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मी एकदा विचारलं, "मग भुताचेच पिक्चर का काढता?" तर म्हणाले, "वहिनी, आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर राहिली. म्हणून मी भुताकडे धंद्याच्या नजरेनं बघू शकतो. तुम्ही बघून दाखवा." मी काही बघू शकले नाही. मी आजही पिंपळाखालून जाताना पदर सावरते.

धंदा म्हणजे काय, तर कारखान्यात माणसं कमी करायला लागले तेव्हा त्यांनी आपण होऊन नोकरी सोडली आणि आलेल्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेतला. लग्नाची शूटिंगं करायचे. पण आषाढ लागला की मुहूर्त बंद, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. कॅमेरा नुसता बसवून ठेवायचा का? मग तो भुतांचा सीझन. प्रत्येक पिक्चरात एक 'भूतशोध पथक' असायचं. ते झपाटलेल्या घरात डबा घेऊन जायचं, काटा हलायचा, आणि गल्लीतले आपण सगळे आपल्याच शेजाऱ्यांना बघून घाबरायचो.

पथकाचे प्रमुख आमचे टेलरमास्तर. मास्तर मोमीनपुऱ्यातले, दुकान इथे कोपऱ्यावर. पहिल्या पिक्चरात ते गळ्यातली माप घ्यायची टेप काढायलाच विसरले, आणि ते लक्षात आलं शूटिंग संपल्यावर. मास्तर ओशाळले. भाऊजी म्हणाले, "राहू द्या मास्तर, आता भुताचं माप घ्या." तेव्हापासून ती टेप म्हणजे पथकाचं यंत्रच झालं. रात्र आम्ही दुपारीच करायचो, खिडक्यांना सतरंज्या लावून. लग्नातल्या हॅलोजनवर लाल जिलेटिनचा कागद, रक्ताला कोकमाचं आगळ. धुक्याचा मात्र प्रश्न असायचा. तो महानगरपालिकेनं सोडवला. डासांसाठी धुराची गाडी गल्लीत आली रे आली, की भाऊजी कॅमेरा घेऊन पळत सुटायचे, "वहिनी, फुकटचं धुकं आलंय, केस सोडा आणि पळा." मी हातातली कणीक तशीच टाकून पळायचे. त्यातल्या एका पिक्चरात भुताच्या बोटांना कणीक आहे, नीट बघितलंस तर दिसेल.

काटा कसा हलायचा हे तुला कधी सांगितलं नाही. मागच्या बाजूनं एक काळा दोरा होता. मी कॉटखाली पालथी पडून तो ओढायचे. जोरात ओढला की भाऊजी कॅमेरा थांबवायचे. "सावकाश, वहिनी. भूत आहे, लिफ्ट नाही." आणि एक वाक्य तर ते शूटिंगला रोजच म्हणत, "घाबरवणं सोपं आहे, शेवट करणं अवघड." त्यांच्या पिक्चरात शेवटी भुताचा उलगडा व्हायचाच. कुठे पाण्याचा पाइप वाजत असायचा, कुठे मांजर निघायचं. हे पिक्चर गल्लीच्या केबलवर लागायचे. केबलवाला कुरकुरायचा, भूत खरंच निघू द्या म्हणायचा. भाऊजी ऐकायचे नाहीत.

आता तुझ्या खोलीची गोष्ट. हे गेले आणि खालची खोली रिकामी पडली. नागपूरचे थोरले दीर म्हणाले, एकटी बाई एवढ्या घरात काय करणार, विकून टाका आणि आमच्याकडे या. वाईट मनानं नाही म्हणाले. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला उभं राहून उरलेलं आयुष्य काढायचं, हे माझ्या गळी उतरेना. मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. भाडेकरू मिळाला तर राहते, नाहीतर येते. कॉम्प्युटरच्या कंपन्यांत लागलेल्या मुली तेव्हा शहरभर खोल्या शोधत फिरायच्या, मिळेल असं वाटलं. भाऊजी म्हणाले, "पिक्चर त्याच खोलीत काढतो. केबलवर घर दिसलं की आपोआप जाहिरात."

त्या पिक्चरात मी बंद घरातली बाई. रोज तिन्हीसांजेला त्या घरातून भांडी आपटल्याचा आवाज येतो, गल्ली घाबरते, पथकाला बोलावते. काटा चढत जातो, दार करकरतं, आणि पांढऱ्या पातळात मी उभी. नवरात्रात पिक्चर लागला. अख्खी गल्ली टीव्हीपुढे. मी दारात उभी राहिले आणि तिथेच पिक्चर कापला गेला. साबणाची जाहिरात, मग साड्यांचा सेल, मग बातम्या. शेवट दाखवलाच नाही.

दुसऱ्या दिवशीपासून खोली बघायला येणाऱ्या मुली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पत्ता विचारायच्या आणि तिथूनच परत जायच्या. वाणी त्यांना आपुलकीनं सांगायचा, "तीच ती. पिक्चरमधली. पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही." एकीची आई फाटकापर्यंत आली, मला बघितलं आणि मुलीचा हात धरून वळली. मी नेहमीचंच पातळ नेसले होते, पण पांढरं होतं.

भाऊजी केबलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, शेवटी नुसता चहाच पितात. कोण बघणार?" तिथून सरळ माझ्याकडे आले. त्या दिवशी डबा हातात नव्हता. पायरीवर बसले आणि म्हणाले, "लोक पिक्चर बघून घाबरले तर मी डायरेक्टर. खरं मानून घाबरले तर मी कोण, वहिनी? वडिलांनी बाहेर काढलेलं भूत मी तुमच्या घरात आणून बसवलं." मी म्हटलं, "भाऊजी, चहा घ्या." घेतला नाही. आयुष्यात तेवढाच एकदा नाही घेतला.

सकाळी फाटकावर पाटी. त्यांच्या हातची, लग्नाच्या टायटलांसारखी नक्षीदार अक्षरं. "या घरात भूत नाही. पिक्चरचा उरलेला भाग रोज संध्याकाळी सहा वाजता आत दाखवला जाईल. चपला बाहेर काढाव्यात. ज्यांना घाबरलेलंच राहायचं आहे त्यांनी येऊ नये." स्वतःच्या घरचा टीव्ही आणि व्हीसीआर हातगाडीवर घालून आणला. पहिल्या संध्याकाळी फक्त मास्तर आले, त्यांना शेवट पाठ होता. मग वाणी आला, उधारी मागायला आल्यासारखा बाजूला उभा राहून. मग बायका आल्या. दिवाळी तोंडावर आली, गल्लीतल्या सगळ्यांनी शेवट बघितला, पण भाडेकरू काही येईना. मी ट्रंक काढून कपडे भरायला लागले होते.

आणि तू आलीस. पाठीवर सॅक, लातूरच्या बसनं चुरगळलेला ड्रेस. तू पाटी वाचलीस, चपला काढल्यास आणि बायकांच्या मागे येऊन बसलीस. टीव्हीवर मी दारात उभी होते. मास्तर टेप सावरत मागे सरले. मग पिक्चरमधली मी म्हणते, "इतक्या दिवसांनी कुणी आलं. बसा ना." मास्तर विचारतात, भांडी का आपटता? मी म्हणते, "आवाज केल्याशिवाय कुणी येतच नाही." मग मी चहा करते, सगळे पितात, आणि मास्तर कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "काटा बरोबर होता. घरात कुणीतरी आहे." संपलं.

भाऊजी तुझ्याकडे बघत होते. तू मला विचारलंस, "काकू, भुताचं राहू दे. पाणी किती वाजता येतं?" मी म्हटलं, सकाळी साडेपाचला. तू म्हणालीस, "मग मी राहते." भाऊजींनी पाटी काढली, घरी जाऊन डबा घेऊन आले, दारातून आत धरला आणि म्हणाले, "शून्य. वहिनी, चहा टाका." मी ट्रंक पुन्हा कॉटखाली ढकलली.

पुढचं तुला ठाऊक आहे. तूच ती कॅसेट कुठल्याशा मित्राकडून सीडीवर करून आणलीस, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "शेवट पूर्ण आलाय ना?" अलीकडे त्यांचा नातू त्यांना मोबाइलवर भूत शोधणाऱ्या पोरांचे पिक्चर दाखवायचा. ते चष्मा लावून बघायचे. "कॅमेरे काय छान आलेत. पण हे लोक उलगडा न करताच घरी जातात. त्या घरात राहणाऱ्यानं काय करायचं?" शेवटचे आले तेव्हा डबा उचलवत नव्हता. त्यांच्या बायकोनं धरला होता. काटा शून्यावर असल्याचं मात्र त्यांनीच सांगितलं.

तेराव्या-चौदाव्याचं काही त्यांच्यात नसतं. वंदना झाली, खीर वाटली, आणि दोन दिवसांनी त्यांच्या बायकोनं डबा आणून माझ्या हातात दिला. "दोरा तुम्हीच ओढायचात," एवढंच म्हणाल्या. तो आता फ्रीजवर आहे. खालची खोली पुन्हा रिकामी आहे. हल्लीच्या मुली कंपनीजवळच हॉस्टेलांत राहतात, त्यांचंही बरोबरच आहे. शेजारची म्हणते, काकू, तुम्ही संध्याकाळी भांडी फार जोरात घासता. मी म्हटलं, ऐकू कमी येतं गं.

परवा डबा पुसताना दोरा बोटात अडकला आणि काटा वर गेला. मागे वळून बघितलं, घरात कुणीच नव्हतं. रूपा, भाऊजींच्या यंत्रानं खोटं बोललेलं त्यांना चालायचं नाही. तेव्हा या रविवारीच ये. पाणी अजून साडेपाचलाच येतं. दाराशी येऊन बेल वाजवू नकोस, नुसती हाक मार. दोरा मी धरून बसते.