आत्याचा अंगठा आणि माझा लॉकवाला चाकू

व्हिडिओ कॉलवर आत्याच्या अंगठ्याला पुन्हा पट्टी दिसली आणि मी तिच्याकडे उज्जैनला जायचं तिकीटच काढलं! तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यापासून आत्या पेरू कापते तो त्यांच्याच जुन्या घडीच्या चाकूने. त्याला लॉक नाही. पातं मनात येईल तेव्हा मिटतं, कधी अंगठ्यावर. तो चाकू तिच्या हातातून सोडवायचाच, या इराद्याने मी लॉकवाला नवा घेतला. उघडला की पात्यामागे एक पट्टी खट्ट करून बसते. ती सरकवल्याशिवाय पातं मिटत नाही.

पुण्याहून रेल्वेने इंदूर, पुढे बसने उज्जैन. विमानाने जाणार असाल तर चाकू हातातल्या बॅगेत अजिबात ठेवू नका.

सकाळी टावर चौकात पोहे-जलेबी हाणली. शेव मागाल तितकी देतात, मी निर्लज्जपणे मागितली. मग आत्याला घेऊन, भाव ठरवून ऑटो केली आणि भैरवगढला छापाच्या चादरी बघताना मला वेडच लागायचं बाकी होतं. "चादर घ्यायला आलीस की दुकान?" आत्याने विचारलं. शेवटी देवळात. नवा चाकू सोबतच होता; आत चाकू नेऊ देत नाहीत, पण बाहेर सामान ठेवायची सोय आहे. परतताना चाकू खिशात टाकला आणि प्रसादाचा राजगिऱ्याचा लाडूही त्याच खिशात.

संध्याकाळी पेरू धुऊन मी थाटात म्हणाले, "आजपासून हाच वापरायचा."

"पहिले दाखव, मग भरोसा. माझा अंगठा फालतू नाहीये."

"बघच!" मी चाकू उघडला, बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवली आणि पात्याची पाठ पोळपाटावर हलकेच आपटली. पातं सपकन मिटलं! बोटं वाटेत असती तर? आत्या मात्र चष्मा घसरेपर्यंत हसली.

"हा तर काकांच्या चाकूपेक्षा पण वरचढ निघाला!"

चाकू उजेडात धरला तर काय, पट्टीच्या सांदीत चिकट लाडू! उघडताना खट्ट झालंच नव्हतं, आणि बडबडीच्या नादात माझ्या ते ध्यानातच आलं नाही. गरम पाणी, जुना टूथब्रश, मग नीट कोरडा केला. उघडला. खट्ट! पुन्हा पाठ आपटली, जरा जोरात. पातं जागचं हललं नाही.

आत्याने मग स्वतः चारदा आपटून पाहिला. "आता पक्का बसला. पण प्रसाद ह्या खिशात नाही हं, आणि आवाज ऐकल्याशिवाय पेरूला हात नाही."

पुण्यात बॅग उघडली तर नव्या चादरीत काकांचा जुना चाकू. लगेच फोन केला.

"तूच सांभाळ," आत्या म्हणाली. "उघडू नको हां, चावतो!"

मला रडू आलं आणि हसूही. तो चाकू ती देईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आता तो माझ्या कपाटात मिटून पडलाय. आणि रोज संध्याकाळी आत्याचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही. आधी ऐकू येतं खट्ट, मग आत्या.