चाळीस की बेचाळीस

कल्पना करा, भौतिकशास्त्राचं एक उदाहरण तुमच्यापुढे आहे. फरशीवरून एक पेटी सरळ रेषेत, स्थिर वेगाने सरकते आहे. तिला मागे खेचणारं घर्षणबल चाळीस न्यूटन. तर पेटी ओढणारं बल किती? घ्या पेन, लिहा उत्तर.

माझ्या वहिनीने लिहिलं, बेचाळीस.

मी खोडलं. तिने पुन्हा सोडवलं आणि पंचेचाळीस लिहिलं.

"वहिनी, उत्तर वाढत चाललंय."

"मग काय करू? चाळीसला चाळीसच लावले तर पेटी जागची हलेल का, भाऊजी? थोडं वर लागणारच की."

वहिनी हॉस्पिटलात मदतनीस आहे. पेशंटला स्ट्रेचरवर घेऊन या वॉर्डातून त्या वॉर्डात न्यायचं, हे तिचं काम. तिच्या चालण्याला कुणी गाठू शकत नाही, म्हणून तिथे तिला सगळे 'एक्स्प्रेस' म्हणतात. एक्स-रेच्या खोलीशी मात्र ही एक्स्प्रेस थांबते. पेशंटला आत पोचवायचं, बाहेर यायचं, दार लागलं की वरच्या लाल दिव्याकडे बघत उभं राहायचं. आत मशीन चालवणारी बाई पूर्वी वहिनीच्याच बरोबर स्ट्रेचर ढकलायची. तंत्रज्ञाचा कोर्स केला आणि ती दाराच्या आत गेली. तेव्हापासून वहिनीलाही आत जायचंय.

त्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र आहे. गेल्या वर्षी वहिनी त्याच विषयात आपटली. तिने सगळी उदाहरणं तोंडपाठ केली होती. पेपरात तीच उदाहरणं जरा फिरवून आली आणि केलेली मेहनत पाण्यात गेली. त्यामुळे यंदा तिने ठरवलंय, पटल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. आणि क्लासच्या सरांनी ठरवलंय, सोमवारी ज्याचा गृहपाठ अर्धवट असेल त्याचं नाव क्लासातून कमी. दुसरा क्लास गावात नाही. आज रविवार, दुपार उलटून गेलेली, आणि आम्ही अजून तिसऱ्याच उदाहरणावर अडकलेलो.

"बलं सारखी असली की वेग बदलत नाही," मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "चालती वस्तू चालत राहते."

"कुठे राहते? हात काढला की स्ट्रेचर दोन पावलांत थांबतं."

"ते घर्षणामुळे."

"तेच म्हणतेय मी! घर्षणाला हरवायला त्याच्यापेक्षा जास्त जोर नको का?"

मी बाण काढले. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही सारख्या लांबीचे. तिने दोन्ही बोटांनी मोजले आणि वही माझ्याकडे सरकवली. "ही तर रस्सीखेच झाली. कुणीच हलत नाही." तिचं चुकतंय हे मला दिसत होतं, पण तिला दाखवता येत नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दात-ओठ खात बसलो होतो.

बाहेरच्या खोलीत दादा पेपर वाचत पडला होता. टायरच्या दुकानाला आज सुट्टी. तो तिथूनच ओरडला, "अगं, चाळीस लिही आणि मोकळी हो! पेटी काय तुझ्या माहेरची आहे?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला 'पंक्चर निघालं असं समजा' म्हणून पाठवता का?"

"पाठवलं असतं, पण ते चालत परत येतं."

हसू कुणालाच आलं नाही. वहिनीने पेन आपटलं. "मला नाहीच जमायचं हे. माझं डोकंच त्या लायकीचं नाही." डोळे भरून आले होते, पण ती वहीवरून उठली नाही.

मग दादाच उठला. रद्दी तोलायचा हुकाचा स्प्रिंगकाटा घेऊन आला, हत्यारांची जड पेटी फरशीवर ठेवली, तिच्या कडीत हुक अडकवला. "ओढ बाई. त्याशिवाय आज कुणाला जेवायला मिळेल असं दिसत नाही."

वहिनीने काटा धरून ओढायला सुरुवात केली. काटा चढत गेला, पेटी ढिम्म. आणखी चढला. मग पेटी एकदम सुटली आणि काटा झर्रकन खाली आला. वहिनी सावकाश, एका चालीने मागे सरकत राहिली, तसा काटा त्या खालच्याच आकड्यापाशी थरथरत राहिला.

"जागची हलवताना जास्त लागतं," मी म्हणालो. "तिथे तुमचं बरोबर. पण चालायला लागल्यावर एकाच वेगाने न्यायची तर घर्षणाएवढंच पुरतं. उदाहरणातली पेटी आधीपासून चालतेच आहे."

"आणि चालतीला जास्त लावलं तर?"

"वेग वाढत जाईल."

तिने जोर लावून बघितलं. पेटी तिच्या पायावर आली.

पाय चोळत ती टेबलाशी बसली, पंचेचाळीस खोडून चाळीस लिहिलं. पुढच्या उदाहरणांना तिने मला हात लावू दिला नाही. दोनदा चुकली, दोनदा माझ्यावरच चिडली, पण गृहपाठ पुरा करूनच उठली.

सोमवारी संध्याकाळी ती क्लासहून आली ती धुमसतच. मला वाटलं, नाव कापलं.

"नाव राहिलं. सगळी बरोबर आली," ती म्हणाली. "पण मी सरांना एक शंका विचारली, तर म्हणाले, परीक्षेला येत नाही, खाली बसा. वर्ग हसला."

"काय विचारलंत?"

तिने पर्स टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्याच बोलू लागली. "पेटी सुटली तेव्हा मी हात ढिला केला नव्हता, भाऊजी. शपथ घेऊन सांगते. तरी काटा उतरला. घर्षण कमी झालं, हे मान्य. पण ते तर पेटीच्या बुडाशी. काटा माझ्या हातात. मग खालची बातमी वर काट्याला कळली कशी?"