लंडनहून परत आलेला डबा

लंडनला शिकून आले म्हटल्यावर लोक विचारतात, "मग टॉवर पाहिलास? राजवाडा पाहिलास?" मी नाही म्हणते. त्यांना वाटतं, गंमत करतेय. मी गंमत करत नाही. मला त्या गोष्टीचा अजून राग येतो, आणि तो जावा अशी माझी काही इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो. फोर्टात जायचं असलं की घरात म्हणायचे, "आज मुंबईला जायचंय." म्हणजे आम्ही मुंबईत नाही, हे आम्हालाही मान्यच. कॉलेजातल्या टाउनच्या मुली तोंड वाकडं करून विचारायच्या, "मुलुंड म्हणजे ठाण्यातच ना गं?" माझा विषय इतिहास. लंडनच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा मला पहिला आनंद झाला तो याचा, की आता एकदाची मी एखाद्या शहराच्या मधोमध जाऊन उभी राहणार. वर्ग सुरू झाले की शनिवार-रविवारी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात राबायचं होतं, त्या बदल्यात खोली होती. म्हणून मी मुद्दाम आठवडाभर आधीचं तिकीट काढलं. तो आठवडा माझा. टॉवर, जुनी चर्चं, रोमन लोकांनी बांधलेल्या भिंतीचा उरलेला तुकडा, सगळं मनात पक्कं होतं.

बातमी बिल्डिंगमध्ये पसरली आणि दारात पिशव्या यायला लागल्या. कुणाचा पुतण्या लंडनला, कुणाची नणंद लंडनला. "एवढंसं तर आहे, कोपऱ्यात मावेल." लंडन म्हणजे यांच्या लेखी मुलुंड पूर्व आणि मुलुंड पश्चिम, फाटक ओलांडलं की आलाच पुतण्या! मी कुरकुर केली तर आई म्हणाली, "शेजार आहे. नाही कसं म्हणायचं?" माझे दोन स्वेटर बाहेर निघाले आणि मेतकूट, कुळथाचं पीठ, लिंबाचं लोणचं आत गेलं. लोणच्याने पुढे माझ्या पुस्तकांवर यथेच्छ तेल सोडलं, ते वेगळंच.

सगळ्यांत शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. मूळच्या मालवणकडच्या. काका गिरणीत होते. संपात नोकरी गेली, तेव्हापासून शेजारच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन. एकुलता एक मुलगा इंजिनियर होऊन लंडनला गेला होता आणि दोन वर्षांत त्याने पत्र पाठवलं नव्हतं. काकूंनी कडीचा स्टीलचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत बेसनाचे लाडू.

"बाय, डबा मात्र परत आण हां. विसरू नको गो."

त्या गेल्यावर मी आईवर उखडले. "लाडू लंडनला पाठवतात आणि डब्यात जीव अडकलाय! कमाल आहे!"

आई म्हणाली, "अगं, रिकामा डबा कुणी परत देतं का? तो काहीतरी घालेलच त्यात. आईसाठी तेवढंच येईल. त्यासाठी मागतेय ती डबा."

मी डबा बॅगेत भरला.

तर तो माझा आठवडा. पुतण्या एका टोकाला, नणंद दुसऱ्या टोकाला. रोज सकाळी नकाशा घेऊन निघायचं, आगगाडीतून तासभर जायचं, एकसारख्या घरांच्या रांगेतून नंबर शोधायचा, पिशवी द्यायची, "आई कशी आहे, बाबा कसे आहेत" ऐकायचं आणि अंधार पडता पडता परत यायचं. दुकानं, शाळा, धुणी वाळत घातलेल्या मागच्या गल्ल्या, बसची वाट बघणारी माणसं. इतक्या लांब जाऊन मी लंडनचं मुलुंड पाहिलं, लंडनचं घाटकोपर पाहिलं, बोरिवलीही पाहिली. ज्या शहरासाठी आले होते, ते आगगाडीच्या खिडकीतून मधेच कुठेतरी दिसायचं आणि जायचं. मला रडू यायचं नाही, संताप यायचा.

काकूंच्या मुलाकडे तर मी तीनदा गेले. दोनदा कुलूप. तिसऱ्यांदा म्हणजे रविवारी, माझ्या शेवटच्या मोकळ्या दिवशी. टॉवर त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. म्हटलं सकाळीच डबा देते, दुपारी टॉवर.

दार त्यानेच उघडलं. घरात एकटाच होता. टीव्ही चालू होता. मी ओळख सांगितली, डबा पुढे केला. 'आत ये' म्हणाला नाही.

"अरे यार, आई पण ना! सांगून सांगून थकलो. आम्ही असलं तुपातलं खात नाही आता." डबा घेऊन तो आत गेला. बोळातून समोर स्वयंपाकघर दिसत होतं. त्याने लाडू एका प्लास्टिकच्या पिशवीत ओतले, नळ सोडला, डबा धुतला, आणि दोन्ही माझ्या हातात आणून दिलं.

"लाडू तू ठेव. स्टुडंट आहेस, तुला लागतील. आणि आईला सांग, नको पाठवत जाऊ."

मी म्हटलं, "काकूंनी डबा परत मागितलाय."

"हो ना. धुतलाय की."

दार बंद झालं. मी तिथेच उभी. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधलं शेंबडं पोरदेखील वाटी परत करताना आत चिमूटभर साखर टाकून देतं. हा इंजिनियर! काका गेटवर उभे राहतात आणि याला चिमूटभर साखर सुचली नाही! रागारागाने चुकीच्या गाडीत बसले, उलट्या दिशेला गेले. टॉवरपाशी पोचले तेव्हा माणसं बाहेर पडत होती आणि फाटकावरचा पहारेकरी मान हलवत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. समोरच्या बाकावर बसले आणि लाडू खाल्ले. एकामागून एक. बेसन खमंग भाजलेलं, वेलची बेताची. इतके चांगले झाले होते की मला आणखीच चीड आली.

सहा महिन्यांनी परतताना डब्यात साखर घालावी असं मनात आलं होतं. घातली नाही. मी का म्हणून घालू? त्याचं पाप मी का झाकू?

मुलुंडला आल्या दिवशीच काकू खाली आल्या. मागोमाग आणखी दोघी-तिघी. लंडनमध्ये काय पाहिलंस, असं एकीनेही विचारलं नाही. काकूंनी डबा हातात घेतला आणि त्यांना कळलंच. रिकाम्या डब्याचं वजन हाताला कळतं. तरी त्यांनी कडी काढली, झाकण उघडून आत पाहिलं.

एक शेजारीण घाईघाईने म्हणाली, "कामात असतो बिचारा, विसरला असेल. पण लाडू तर सगळे संपवले ना!"

दुसरी म्हणाली, "आईच्या हातचे ते. सोडतोय कशाला?"

बिचारा! माझं डोकंच फिरलं.

"लाडू मी खाल्ले," मी जवळजवळ ओरडलेच. "त्याने नाही. मला घरात घेतलं नाही त्याने. दारातच लाडू पिशवीत ओतून दिले मला, म्हणाला, आम्ही असलं खात नाही, आईला सांग नको पाठवूस. डबा धुऊन दिला आणि दार लावून घेतलं."

आईने माझा दंड धरला. काकू डब्याकडे पाहत होत्या.

"कोणी धुतला?" त्यांनी विचारलं.

"तोच. घरात दुसरं कुणी नव्हतं."

"तू बघितलंस?"

"हो. समोरच."

त्यांनी डब्यात हात घातला. तळाशी, मग कडेकडेने, सगळीकडून हळूहळू बोटं फिरवली.

"बरा धुतलाय," त्या म्हणाल्या. झाकण लावलं, कडी घातली आणि डबा पोटाशी धरून जिना चढून गेल्या.

त्यानंतर त्या डब्यात त्यांनी कधी काही भरलं नाही. लग्न होऊन मी अंधेरीला जाईपर्यंत तो त्यांच्या वरच्या फळीवर होता. बाकीची भांडी दर दिवाळीत खाली उतरायची, घासली जायची. तो डबा त्यांनी घासायला कधी काढला नाही.