आतलं काही हलता कामा नये

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं हरवतात, किस्से मात्र कधी हरवत नाहीत. लिनक्स अपग्रेडच्या एका दुपारीच इतके जमले की आठवलं तरी मला धडधडतं.

पहिलं खटकलं ते घड्याळ. सरावासाठी मी आधी वाचनकक्षातला जुना कॉम्प्युटर अपग्रेड केला, तर स्क्रीनवरचं घड्याळ खालच्या कोपऱ्यातून उठून थेट वर, मध्यभागी! मी घाबरून लायब्रेरियन मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "वेळ बरोबर दाखवतंय ना? मग बसू दे तिथेच."

मग मुख्य मशीन. त्यात तीस वर्षांच्या पुस्तकांच्या नोंदी, नि त्या उघडणारं सॉफ्टवेअर रिटायर झालेल्या मुकादम सरांनी स्वतः बसवलेलं. प्रिन्सिपॉलांचा हुकूम होता, "सिस्टिम नवी करा, पण आतलं काही हलता कामा नये."

शिपाई गजाभाऊंनी हे ऐकलं नि मॉनिटरपुढे नारळ ठेवून सरळ गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, जुना हाय ता ऱ्हाव दे, नवा येतंय ता येव दे."

"व्हय म्हाराजा," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. मी एंटर दाबला.

अर्ध्या तासाने स्क्रीनवर आलं: तेरा पॅकेजेस काढून टाकणार, चालेल का?

गजाभाऊ म्हणाले, "विचारतंय तरी. चुलत्यान माझा फणस तोडलान, तवा विचारलंन पण नाय."

यादी तीनदा वाचली. सरांचं सॉफ्टवेअर त्यात नव्हतं. हो म्हटलं.

तेव्हा कुठे मला बॅकअप आठवला. मॅडमनी कुलूप काढून कपाटातून रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. दुसऱ्या मशीनला लावला. आत त्यांच्या भाच्याचा साखरपुडा. अथपासून इतिपर्यंत.

"अगं, मग नोंदी कुठे आहेत?" मॅडमनी मलाच विचारलं.

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस टुकटुकायला लागला, पंधरा मिनिटांचा जीव त्याचा. आणि नेमका तेव्हाच प्रश्न आला: सरांच्या सॉफ्टवेअरची सेटिंगची फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? वाय म्हणजे नवी, एन म्हणजे जुनीच. चुकलं असतं तर सगळी पुस्तकं कपाटात असूनही कुणाला सापडली नसती.

सर आता समुद्रकाठी, नाटे गावात असतात; आजच्या अपग्रेडचं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फोन लावला. नुसती रिंग. परत लावला.

"खडकावर गरी टाकून बसले असतील," मॅडम म्हणाल्या. "मासा लागेपर्यंत उचलायचे नाहीत."

पाचव्यांदा उचलला. मागे लाटांचा आवाज. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "एन दाब गो. नि आधी रडणं थांबव."